तांब्याचं छप्पर ॲसिडने घासून चकचकीत करावं का?

खजिनदारीणबाई

नमस्कार. आमच्या कोथरूडच्या कॉलनीत लहानसं दत्तमंदिर आहे. गाभाऱ्यावरचं चौपाखी छप्पर आणि पुढच्या पडवीची उतरती पाख तांब्याच्या पत्र्याची, मधल्या सभामंडपावर मंगळुरी कौलं. सगळं मिळून तांबं साधारण तीनशे चौरस फूट. २००९ साली एका देणगीदारांनी ते बसवून दिलं. तेव्हा झळझळीत होतं, आता गडद तपकिरी झालंय, उत्तरेच्या अंगाला तर जवळपास काळं.

डिसेंबरात दत्तजयंती आहे. अध्यक्षांचं म्हणणं, "देवाच्या डोक्यावर असं कळकट छप्पर शोभत नाही." त्यांनी एक कोटेशन आणलंय: आधी ॲसिड वॉश, मग मशीनने बफिंग, वरून क्लिअर लॅकर, पाच वर्षांची गॅरंटी. आकडा इथे लिहीत नाही, पण आमचा वर्षभराच्या प्रसादाचा खर्च त्यात दोनदा बसेल. चेकवर सही माझी लागते, म्हणून आधी समजून घ्यायचंय.

वॉचमनने शिडी लावून फोटो काढले, त्यात आणखी भानगडी दिसल्या. कौलांच्या कडेखाली पडवीच्या पत्र्यावर एक आडवी रेघ आहे, नुकती घासल्यासारखी गुलाबी चकचकीत. मला वाटलं चला, तेवढं तरी स्वच्छ आहे! पांढऱ्या भिंतीवर हिरवे-निळे ओघळ उतरलेत. पडवीची जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, पन्हळ दोन वर्षांपूर्वी नवी बसवली, तिला आताच भोकं पडलीत. आणि गाभाऱ्याच्या कण्यापाशी मागे कोणीतरी स्क्रू मारून डांबर फासलंय, तिथूनच यंदा आषाढात देवावर अभिषेक चालू होता. कबुतरं आहेतच. एका सांध्यात पिंपळही उगवलाय.

कृपया "आमच्या ओळखीचा एक माणूस आहे" असा सल्ला नको. हे कोटेशन तसंच आलंय.

पेठेतला_पुणेकर

कोटेशन कशाला हवं? चिंचेचा कोळ, मीठ आणि मूठभर राख. आमच्या वाड्यातला बंब दर दिवाळीला याच्यावर लख्ख व्हायचा, चेहरा दिसायचा त्यात. कमिटीच्या पुरुषांना चढवा वर, अध्यक्षांपासून सुरुवात करा. गॅरंटी मी देतो.

मठार_हातोडी

ताई, सही करू नका. निदान त्या कोटेशनवर तरी नको.

मी तांबट आळीतला. घरात पिढ्यान्‌पिढ्या मठारकाम, म्हणजे तांबं हातोडीने ठोकून घडवायचं काम: हंडे, बंब, घंगाळी. गिऱ्हाईक स्टील आणि गीझरकडे गेलं तसा मी पत्रा घेऊन छपरांकडे आलो. घासायचं काम घेतलं तर मलाही चार पैसे सुटतात, तरी छपराचं घासकाम मी घेत नाही. का ते सांगतो.

पेठेतल्या दादांचा बंब खरा, चिंचही खरी. पण चिंच नुसती मळ काढत नाही. ती वरचा ऑक्साइडचा थर विरघळवते, आणि तो थर म्हणजे हवेशी संयोग झालेलं तांबंच असतं. म्हणजे प्रत्येक घासणीला भांडं तोळा-मासा झिजतं. बंबाचा पत्रा जाड, त्याला ते परवडलं. तुमच्या छपराला बहुतेक २४ गेज असणार, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरला थोडं वर. त्यावर मशीनचा बफ फिरवला की सगळ्यात आधी झिजतात त्या पत्रे एकमेकांत अडकवणाऱ्या घड्यांच्या कडा आणि कोपरे. पाणी अडवायचं काम नेमकं तिथेच चालतं.

आता त्या तपकिरी रंगाबद्दल. लोखंडाचा गंज पापुद्रे सोडतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पाडतो. तांब्यावरचा थर पत्र्याला घट्ट धरून बसतो आणि खालच्या तांब्याची झीज जवळपास थांबवतो. आधी क्युप्रस ऑक्साइडचा तपकिरी, मग गडद चॉकलेटी, मग बरीच वर्षं गेली की हिरवट. तुमच्या छपराने २००९पासून हा कोट स्वतःच शिवून अंगावर घातलाय, फुकटात. अध्यक्ष पैसे देऊन तो काढायला निघालेत. काढलात तर छप्पर पहिल्याच पावसात डागाळेल आणि काही महिन्यांत परत तपकिरी व्हायला लागेल, यावेळी ठिपक्या-ठिपक्यांनी.

ॲसिडचं आणखी एक. "ॲसिड वॉश" म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरिक, संडास धुवायचं तेच. ते घडीच्या आत शिरतं. वरून तुम्ही कितीही पाणी मारा, आतलं निघत नाही. क्लोराइड आत राहिलं की दमट हवेत हळूहळू तांबं खात बसतं आणि सांध्यातून भुसभुशीत हिरवी पावडर यायला लागते. धुतलेलं पाणी जातं कुठे, तेही विचारा त्या माणसाला. ते मोरचुदासारखंच पाणी, तुळशीत आणि बोअरच्या खड्ड्यात जायला नको.

लॅकरला मी नाही म्हणतो ते उन्हामुळे. एप्रिलच्या दुपारी पत्रा ६०-६५ अंशांवर तापतो, डिसेंबरच्या पहाटे दहावर येतो. पारदर्शक लॅकर त्यात कुठेतरी उकलणारच. उकललं की तिथे पाणी शिरतं, आणि चकचकीत पत्र्यावर काळे कोळ्याच्या जाळ्यासारखे डाग पसरतात. मग आधी जुनं लॅकर काढायचा खर्च, मग परत सगळं पहिल्यापासून. पाच वर्षांची गॅरंटी कशाची ते लेखी घ्या: चमकेची, की माणूस फोन उचलण्याची?

चमकवायचंच असेल तर कळस चमकवा. कळस काढून खाली आणता येतो, हाताने घासता येतो, लोकांची नजरही तिथेच जाते. छप्पर फक्त धुवा. मऊ कुंच्याने पालापाचोळा काढायचा, साधं पाणी, बादलीत भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, नायलॉनचा मऊ ब्रश, वरून खाली. सकाळी पत्रा थंड असताना. तारेचा ब्रश आणि स्टीलची घासणी वर नेऊच नका, लोखंडाचे कण रुततात आणि दुसऱ्या दिवशी गंजाचे ठिपके दिसतात. प्रेशर जेटही नको, तो पाणी घडीत उलटं ढकलतो. मे अखेरीस एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, एवढं पुरतं.

पण ताई, तुम्ही ज्या गोष्टी शेवटी "भानगडी" म्हणून लिहिल्यात ना, पैसे तिथे घाला. रंगाने छप्पर मरत नाही, या चार गोष्टींनी मरतं.

सगळ्यात वाईट ती गुलाबी रेघ. ते स्वच्छ नाही, तिथे पत्रा झिजतोय. कौलांवर शेवाळ आणि कुजका पाला असतो, त्यातून येणारं पाणी किंचित आंबट होतं, आणि दर पावसात पागोळ्या बरोब्बर त्याच ओळीवर पडतात. तपकिरी थर तिथे टिकतच नाही, रोज ताजं तांबं उघडं पडतं. असं चालू राहिलं तर त्या रेघेवरच पत्रा फाटणार. उपाय स्वस्त आहे. त्या ओळीवर सहा-आठ इंच रुंद तांब्याची सुटी पट्टी घाला, वरची कड कौलांखाली सरकवून. झिजायची ती पट्टी झिजेल, दहा-पंधरा वर्षांनी ती बदला. कौलंही धुवून घ्या.

पन्हळीला भोकं पडणारच होती. तांब्यावरून येणाऱ्या पाण्यात विरघळलेलं तांबं असतं. ते जस्तावर जाऊन बसतं, तिथे बारीक-बारीक विजेच्या घटासारखा प्रकार सुरू होतो आणि जस्त संपतं, मग लोखंड. जीआय किंवा ॲल्युमिनियम तांब्याच्या खाली कधीच नको. वर चालतं, कारण पाणी वरून खाली जातं. तांब्याची पन्हळ करा, नाहीतर सरळ पीव्हीसीची.

स्क्रूंचंही तेच. मोठ्ठा तांब्याचा पत्रा आणि त्यात इवलासा लोखंडी स्क्रू, ओलावा आला की झीज सगळी स्क्रूच्या वाट्याला. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचंही हेच झालं. १८८६ साली उभी केली, बाहेरचं तांबं आजही शाबूत, पण आतल्या लोखंडी पट्ट्या तांब्याला टेकून गंजून फुगल्या आणि १९८०च्या दशकात त्या काढून स्टेनलेस स्टीलच्या घालाव्या लागल्या. तिथे मुळात दोन धातूंच्या मध्ये इन्सुलेशन घातलं होतं, तरी. तुमच्या कण्यावर तर नुसतं डांबर आहे.

डांबर खरवडून काढा, गॅसची बत्ती लावू नका, खाली प्लाय असेल तर पेट घेईल. स्क्रू काढून भोकांवर तांब्याचं ठिगळ सोल्डरने बसवा. सोल्डर धरावं म्हणून लावतात तो फ्लक्स नंतर नीट धुवायला सांगा, तेही आम्लच आहे. तात्पुरतं सिलिकोन भरायचं तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, ते तांब्याला लागतं. दुकानात "न्यूट्रल क्युअर" म्हणून मागा, बोहरी आळीत मिळतं.

पिंपळ मुळासकट काढा. आजच.

साइटवरचा_काका

वरच्या प्रतिसादाशी नव्वद टक्के सहमत. बांधकाम साइटवर आयुष्य गेलं म्हणून दोन गोष्टी जोडतो, एक खोडतो.

खोडायचं ते लॅकरबद्दल. सगळीच लॅकरं टाकाऊ नसतात. ब्राँझच्या पुतळ्यांवर बेंझोट्रायअॅझोल (तांब्याची झीज रोखणारं रसायन) घातलेलं ॲक्रिलिक लॅकर जगभर वापरतात आणि ते चांगलं चालतं. त्यामुळे "लॅकर म्हणजे फसवणूक" असं सरसकट म्हणू नये.

जोडायचं पहिलं, कणा का उघडला ते बघा. तांबं दर अंशाला मीटरमागे ०.०१७ मिलिमीटर वाढतं. तीन मीटरचा पत्रा पहाटे दहा अंशांवरून दुपारी पासष्टवर गेला की जवळपास तीन मिलिमीटर लांब होतो. उभ्या घडीत आतून क्लिपा असतील तर पत्रा सरकतो. स्क्रूने खिळवलात तर तो दोन स्क्रूंच्या मध्ये फुगतो, दुपारी टणटण आवाज येतो, आणि काही वर्षांनी भोकापाशी चीर जाते. म्हणून नुसते लोखंडी स्क्रू काढून स्टेनलेसचे मारले असं करू नका. पत्र्याला हलायला जागा ठेवा.

दुसरं, आकाशातली वीज. कळसापासून जमिनीपर्यंत अर्थिंगची पट्टी आहे का? कॉलनीतली मंदिरं वर्गणीतून होतात, हे नेमकं राहून जातं. असेल तर ती छपराच्या पत्र्यालाही जोडलेली हवी, आणि जीआयला तांबं जोडलंय तिथे बायमेटल कनेक्टर हवा.

शेवटचं, तीनशे चौरस फुटांना २४ गेज म्हणजे सुमारे १४० किलो तांबं डोक्यावर आहे. चकचकीत केलंत की ते भंगारवाल्यांनाही लांबून दिसेल. तपकिरी बरं.

मठार_हातोडी

काका, पुतळ्याचं मान्य. पण पुतळ्याभोवती पालिकेचा परांचा उभा राहतो, लॅकर बघून-बघून पुन्हा लावतात. इथे दर दोन-तीन वर्षांनी गाभाऱ्यावर परांचा कोण बांधणार? त्या कोटेशनमध्ये लॅकरचं नावसुद्धा लिहिलेलं नसणार, पैज लावतो.

भंगाराचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. अध्यक्षांना पटायला तोच पुरे.

बाल्कनीतली_कबुतरं

कबुतरांची विष्ठा सुकी खरवडू नका, प्लीज. त्या धुळीने फुप्फुसाचे आजार होतात, आमच्या इमारतीत एका आजींना कायमचा ऑक्सिजन लागला. आधी पाण्याने भिजवायची, मास्क लावून मग काढायची. छपरासाठीही ती वाईटच, साचून राहिली की पत्र्यावर डाग पडतात. कण्यावर ताणलेली तार लावली तर ती बसत नाहीत, पण तार स्टेनलेसची घ्या.

खजिनदारीणबाई

सगळ्यांचे आभार. काल कमिटीची मीटिंग झाली. मठारदादा, पैज जिंकलात: कोटेशनवर "उत्तम प्रतीचे लॅकर" एवढंच आहे. फोन करून ॲसिड कोणतं ते विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, ते आमचं सिक्रेट आहे." तिथेच विषय संपला.

पण आता अध्यक्षांनी बाजू बदलली. कोणीतरी त्यांना युरोपातल्या चर्चचे हिरवे घुमट दाखवले. आता म्हणतात, घासायचं नसेल तर हिरवं तरी करून घेऊ, केमिकल मिळतं म्हणे. यावर काय सांगू? आणि भिंतीवरचे ओघळ कसे काढायचे? रंगारी म्हणतो वरून डिस्टेंपर मारू, पण मागच्या वर्षी मारला होता, श्रावणात परत हिरवा.

मठार_हातोडी

अध्यक्ष उत्साही आहेत, चांगली गोष्ट आहे. त्यांना सांगा, हिरवं आपोआप होईल, फक्त त्यांनी तब्येत सांभाळावी.

हिरवा रंग हवेतल्या गंधकाने किंवा खाऱ्या वाऱ्याने येतो. कोकणात समुद्राकाठी लवकर येतो, जुन्या युरोपात दगडी कोळशाच्या धुराने आला. पुणं समुद्रापासून लांब, पाऊस चार महिने आणि उरलेलं वर्ष कोरडं. इथे दोन-तीन दशकं तरी चॉकलेटीच राहणार, मग हिरवं आलंच तर आधी उतारावर, नंतर उभ्या भागावर. केमिकलने केलेला हिरवा रंग बसतो, पण एवढ्या मोठ्या उघड्या छपरावर सारखा बसत नाही, आणि पावसात कच्चा भाग वाहून भिंतीवरच येतो. तुमच्याकडे ओघळ आधीच आहेत.

ओघळांना डिस्टेंपर उपाय नाही. ते तांब्याचे क्षार आहेत, रंगाच्या आत मुरलेत. कल्हईवाला वापरतो तो नवसागर माहीत असेल. एक भाग नवसागर, चार भाग शंखजिऱ्याची पूड, आणि अमोनियाचं पाणी घालून थालीपीठाच्या पिठाइतपत घट्ट लगदा करा. डागावर बोटभर थापा, पूर्ण सुकू द्या, लाकडी पट्टीने काढा, धुवा. जुन्या डागांना दोन-तीनदा करावं लागतं. हातमोजे घाला, वारा खेळता ठेवा, आणि ब्लीचिंग पावडर त्याच्या जवळपासही आणू नका, विषारी वायू होतो. मुख्य म्हणजे लगदा पत्र्याला लागू देऊ नका. भिंतीवरचं तांबं तो जसा ओढतो तसाच पत्र्यालाही खातो. आधी कोपऱ्यात हातभर जागेवर करून बघा, रंग उतरेल कदाचित. मग नवा रंग मारा.

ओघळ परत येऊ नयेत म्हणून पत्र्याची खालची कड बघा. ती भिंतीला टेकून सरळ कापलेली असेल तर पाणी भिंतीवरूनच उतरणार. कडेला बाहेर झुकलेला ओठ काढा, भिंतीपासून दीड-दोन इंच तरी पुढे, म्हणजे थेंब पन्हळीत पडेल.

पेठेतला_पुणेकर

चिंचेचा सल्ला मी मागे घेत नाही, फक्त कळसापुरता मर्यादित करतो.

खजिनदारीणबाई

कळस पितळी आहे, चिंच मंजूर. कार्तिकी एकादशीनंतर एक रविवार ठरवलाय, या.

ठराव असा झाला: घासकाम रद्द, छप्पर नुसतं धुवायचं. कण्याची दुरुस्ती, कौलांखालची पट्टी, कडेचा ओठ आणि नवी पन्हळ यांचं वेगळं कोटेशन मागवायचं. अर्थिंगची पट्टी नाहीच असं इलेक्ट्रिशियन सांगून गेला, तेही घेतलंय. तांब्याची पन्हळ बजेटबाहेर जाते, त्यामुळे पीव्हीसी. पडवीची कड साडेअठरा फूट आहे, पाणी डावीकडच्या कोपऱ्यातून सोडतो. त्यात काही चुकतंय का?

साइटवरचा_काका

चुकत नाही, पण उतार द्या, साडेअठरा फुटांत इंचभर तरी. पीव्हीसी तांब्याच्या चौपट फुगतं, एवढ्या लांबीला उन्हात दीड सेंटिमीटर धरा. म्हणून सांधा सोल्युशनने चिकटवू नका, रबर सीलवाला जोड घ्या आणि दोन्ही टोकांना भिंतीपासून जागा सोडा. ब्रॅकेट दोन-दोन फुटांवर. आणि तोंडाशी जाळी लावा, समोर तुमचा रेन ट्री दिसतोय फोटोत.